आतला स्पीकर

भाताच्या कोंड्याच्या ढिगात तोंड खुपसून कोणी बोलावे, तसा तो आवाज होता. कोरडा, खरखरीत, कडा झडलेला. शब्द आधी ऐकू येत नसत. आधी येई ती खरखर, आणि धुक्यातून झाडाचा बुंधा हळूहळू दिसू लागावा तशी त्या खरखरीतून एका माणसाच्या बोलण्याची ठेवण उमटत जाई. ज्याने तो माणूस पाहिला नव्हता त्याला ती शेवटपर्यंत खरखरच वाटे. ज्याने पाहिला होता त्याला मात्र दुसऱ्या शब्दापर्यंत थांबावे लागत नसे.

संगणकाच्या लोखंडी डब्यात, पुढच्या बाजूला, जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी अशी एक काळी चकती असते. पुष्कळांना ती असल्याचेही ठाऊक नसते. यंत्र सुरू होताना एकदा ‘टीं’ करावे, काही बिघडले तर दोन-तीनदा करावे, एवढ्यासाठीच तिचा जन्म. तिच्या पडद्याला दोनच जागा माहीत: पुढे आणि मागे. मधली जागा नाही. कुजबुज नाही, आर्जव नाही, हुंदका नाही. तरीही तिच्यातून माणसाचा आवाज काढता येतो. पडदा एका सेकंदात हजारो वेळा पुढे-मागे हलवायचा आणि कोणत्या जागी किती रेंगाळू द्यायचा ते ठरवायचे. पुढे अंमळ जास्त रेंगाळला की कानाला वाटते आवाज चढला. मागे रेंगाळला की वाटते उतरला. प्रत्यक्षात चढही नसतो आणि उतारही नसतो. ऐकणाराच तो आपल्या कानाने भरून काढतो. बातमीचे तरी याहून वेगळे काय असते? घडले किंवा नाही घडले, या दोन जागांमध्ये जो माणूस असतो तो वाचणाऱ्यानेच भरून घ्यायचा.

हे मला मनोहर दिघोरेने समजावून सांगितले होते. तो आमच्या दैनिकाच्या गोंदिया कार्यालयात संगणक ऑपरेटर होता. बातम्या टाईप करायच्या, पाने लावायची, ती नागपूरला पाठवायची, आणि ती पोचल्याचा निरोप येईपर्यंत बसून राहायचे. त्या बसून राहण्याच्या वेळात त्याने स्वतःच्या हौसेने लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली शिकून घेतली आणि मलाही त्यातल्या चार कमांड शिकवल्या. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, बटण दाबायचे, आणि काहीच उत्तर यायचे नाही. पहिल्यांदा मी विचारले, झाले की नाही? तो हसला. “काम झालं का हे गप राह्यते, साहेब. बोललं म्हनजे बिघडलं समजा.” आमच्या कार्यालयात काम न करता बोलणाऱ्यांची संख्या पाहता मला ही व्यवस्था फार सुसंस्कृत वाटली. मौन म्हणजे यश! किती स्वच्छ नियम!

पुढे पाने नागपूरलाच लागू लागली आणि मनोहरची जागा गेली. जाताना कार्यालयाने त्याला एक जुना संगणक दिला, ज्याच्यावर नवे काही चालत नव्हते. तो डबा एसटीच्या मागच्या सीटवर मांडीशी धरून तो अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आपल्या गावी गेला. गावाला एक मोठा तलाव आहे, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडे आहेत आणि पाळीच्या खालच्या अंगाला त्याच्या समाजाच्या, म्हणजे ढिवरांच्या, मच्छीमार सोसायटीचे मत्स्यबीज केंद्र आहे; ते चालवायचे काम त्याला मिळाले. केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड, तीन गोल सिमेंटच्या टाक्या आणि त्यांच्यावर उंच बांधलेली एक पाण्याची टाकी. आषाढात रोहू आणि कतल्याची अंडी इथे फुटतात. अंड्यातून निघालेल्या जिवाला तिकडे जिरे म्हणतात, कारण तो जिऱ्याएवढाच असतो: एक पारदर्शक रेघ आणि तिच्या टोकाला दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. पहिले तीन दिवस हे जिरे सतत फिरत्या पाण्यात ठेवावे लागते. वरच्या टाकीतून पाणी येत राहिले पाहिजे आणि गोल टाकीत ते फिरत राहिले पाहिजे. फिरणे थांबले की जिरे तळाशी बसते, एकावर एक, आणि आपल्याच भावंडांच्या ओझ्याखाली गुदमरून मरते.

वरची टाकी विजेच्या मोटरने भरते. वीज गेली की डिझेल इंजिन लावायचे. त्यासाठी अर्धा तास मिळतो. एवढा वेळ पुष्कळ आहे, पण वीज गेल्याचे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. आळीपाळीने दोघी-दोघी बाया केंद्रावर असत, पण त्या काही टाकीकडे डोळे लावून बसत नसत. जाळी धुवायची असत, खाद्य भिजवायचे असे, पाळीपलीकडे जावे लागे. मनोहरने म्हणून वरच्या टाकीत एक तरंगता डबा सोडला, त्याची तार आणून एका मोडक्या कीबोर्डच्या एका बटणाला जोडली आणि तो कीबोर्ड संगणकाला. पाणी उतरले की डबा उतरे, बटण दाबले जाई आणि इन्व्हर्टरवर चालणारा संगणक टीं-टीं करू लागे.

पहिल्या हंगामात या टीं-टींचा काही उपयोग झाला नाही. आजकाल काय टीं-टीं करत नाही? मोबाईल करतो, इन्व्हर्टर करतो, मागे जाणारा ट्रॅक्टर करतो. बाया म्हणत, वाजून राहिलं बाप्पा काहीतरी. मनोहरने बाहेरचे स्पीकर लावले. एक जोडी कोणाच्या तरी लग्नात गेली ती परत आली नाही, आणि दुसरीचा प्लग काढून त्या जागी कोणी ना कोणी मोबाईल चार्जिंगला लावी. तेव्हा त्याने ठरवले की जो कोणाला काढता येत नाही, ज्याला आवाज कमी करायची चावी नाही आणि ज्याला वेगळा प्लग लागत नाही, त्या आतल्या चकतीनेच बोलायचे. लिनक्समध्ये तिच्यासाठी दोन वेगवेगळे ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारे छोटे प्रोग्राम, असतात. एकाला फक्त टीं करता येते, आणि दुसरा तिच्यातून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू शकतो. दोघे एकत्र नांदत नाहीत. मनोहरने पहिल्याला बंदीच्या यादीत, म्हणजे यंत्राने कधी सुरूच करू नयेत अशांच्या यादीत, टाकले, दुसऱ्याला कामाला लावले आणि आपला आवाज भरला: “बाई हो, वरच्या टाकीचं पानी सरून राहिलं. इंजिन लावा. आयकता का नाई?”

त्यावर बाया हलल्या. यंत्राच्या सूचनेला नाही, पण हाकेला माणूस हलतोच. कौतिका नावाची एक बाई तर दर वेळी त्या डब्याला उत्तर देई. मी एकदा गेलो होतो तेव्हा ऐकले. डबा खरखरला, आणि ती हातातले जाळे आपटून म्हणाली, “आयकलो ना बाप्पा! कायले बोंबलून राहिला? तुह्या बायकोले सांग, थे आयकत नाई तं आमाले हाका मारते मेला.” मनोहरची बायको शेवंता शेजारच्याच टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तिने मान वर न करता म्हटले, “माह्यावर त्याचा आवाज निंघत नाई, म्हनून तं डब्यात भरला.” सगळ्या हसल्या. शेवंता दहावी शिकलेली. माशांतले नर-मादी निवडणे, अंडी सुटण्यासाठी त्यांना सुई देणे, अंडी हातात घेऊन चांगली-वाईट ओळखणे हे काम ती मनोहरच्या बरोबरीने करी; काहींच्या मते त्याच्याहून बरे.

गेल्या वर्षीच्या आषाढात, भर दुपारी, मोटरचे कॉईल बांधून आणायला गेलेला मनोहर सडक अर्जुनीजवळ महामार्गावर ट्रकखाली आला. तालुक्याच्या वार्ताहराने बातमी पाठवली आणि ती माझ्या टेबलावर आली. मी नाव तपासले, वय तपासले, गाव तपासले, विशेषणे काढली. चार ओळी झाल्या. अशा बातम्या मी इतक्या केल्या आहेत की लगेच पुढची बातमी उघडली, आणि लगेच उघडली याची नोंद मी तेव्हाच मनात केली.

तिसऱ्या दिवशी मी गावी गेलो. घर केंद्राला लागूनच आहे. अंगणात माणसे बसली होती आणि शेवंता आत भिंतीशी होती. सोसायटीचे अध्यक्ष रामाजी नान्हे माझ्या शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते की हंगाम अजून संपलेला नाही, टाक्यांत जिरे आहे, आणखी एक खेप निघायची आहे, आणि ती नीट निघाली की मनोहरची जागा शेवंतालाच द्यायचे त्यांच्या मनात आहे. “बाईच्या हाताले गुन आहे, साहेब. पन सभेत दोन-चार जन आडवे येतीन. बाईमानूस म्हनतीन. खेप निंघाली का त्यायचं तोंड बंद.” इतके साधे होते ते. एक खेप जगली की एका बाईचे पुढचे आयुष्य तिच्या कामावर उभे राहणार होते.

तेवढ्यात वीज गेली. कोणाचे लक्षही गेले नाही. थोड्या वेळाने शेडमधून खरखर आली आणि मनोहर म्हणाला, बाई हो, वरच्या टाकीचं पानी सरून राहिलं.

अंगणातला एक माणूस उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. कौतिका शेडमधून धावत बाहेर आली आणि ओट्यावर डोके आपटून रडू लागली. इंजिन मग कोणीतरी लावले. पण ते सुरू होईपर्यंत मनोहर पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आयकता का नाई? आयकता का नाई? घरात जो विचारायचा, तोच प्रश्न त्याच शब्दांत. आत शेवंता दोन्ही हातांनी कान झाकून बसली होती.

जाणते लोक म्हणाले की हे बरे नाही. तेरवीपर्यंत माणूस घराभोवतीच असतो. त्याचा आवाज इथे बोलत राहिला तर त्याने जायचे कसे? आपण त्याला कामावर ठेवल्यासारखे होते. या म्हणण्यावर हसण्याइतका शहरी मी नव्हतो, आणि त्या घरात त्या क्षणी ते मला चुकीचेही वाटले नाही. मेलेल्या माणसाला सुट्टी द्यावी, यात न पटण्यासारखे काय आहे? शेवंता दारापर्यंत आली. “भाऊ, तुमाले समजते थे यंत्र. तेरवीपर्यंत त्याले चूप करा. मंग चालू करजा.” मी विचारले, टीं-टीं राहू देऊ ना? ती म्हणाली, “हो. टीं-टीं राहू द्या. त्याले चूप करा.”

मी शेडमध्ये गेलो. मनोहरनेच शिकवलेली ओळ लिहिली आणि आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकला. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तो परत येऊ नये म्हणून त्याचेही नाव बंदीच्या यादीत लिहिले. पडद्यावर काहीच उत्तर आले नाही. काम झाले होते.

त्या यादीत आधीच एक नाव होते. टीं करणाऱ्या ड्रायव्हरचे. ते मी पाहिले. माझ्या डोळ्यांसमोर, मी लिहिलेल्या ओळीच्या बरोबर वर ते होते. पण मला वाटले, एक गेला की दुसरा आपोआप येत असेल. वृत्तपत्रात मी नव्यांना पहिल्या दिवशी सांगतो की वाटले हा शब्द आपल्या धंद्यात नाही. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय काही खरे नसते. तरंगता डबा हाताने एकदा खाली दाबला असता तर मला तिथेच कळले असते की ही चकती आता काहीही करू शकत नाही, टींसुद्धा नाही. मी तो दाबला नाही. आताच त्या घराने एक आवाज सोसला होता. आणखी एक काढायला माझा हात धजला नाही. मी त्याला सौजन्य म्हणालो. नंतर पुष्कळ विचार केला, आणि अजूनही मला तो शब्द सर्वस्वी खोटा वाटत नाही. म्हणूनच तो जास्त त्रास देतो.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली. टाक्यांत शेवटच्या खेपेचे दोन दिवसांचे जिरे होते. कौतिका आणि तिच्या जोडीची बाई पाळीच्या पलीकडे जाळी वाळत घालत होत्या. शेवंता सुतकात घरात होती. वरची टाकी सरली, डबा उतरला, बटण दाबले गेले, आणि यंत्राने आपले काम केले. हे मी म्हणतो, कारण संगणकात आपोआप लिहिली जाणारी त्याची नोंदवही मी नंतर वाचली. दर मिनिटाला एक ओळ, मिनिट आणि सेकंदासह: पाणी कमी, आवाज देतो, आवाजाचे साधन सापडत नाही. पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच. त्या ओळी वाचताना मला असे वाटले की डब्याच्या आत कोणी तोंड दाबलेला माणूस बसला आहे. कौतिका परत आली तेव्हा पाणी आरशासारखे स्थिर होते. तिन्ही टाक्यांच्या तळाशी पांढुरकी साय बसली होती.

रामाजींचा फोन आला तसा मी निघालो आणि चारच्या सुमारास पोचलो. यादी पाहायला दोन मिनिटे लागली. माझी ओळ आणि वरची ओळ: दोन्ही ड्रायव्हर बंद. रामाजींनी विचारले, काय झालं? मी म्हणालो, पाहतो. परतीच्या बसमध्ये बसलो तर वार्ताहराची बातमी माझ्या मोबाईलवर येऊन पडली होती. त्याने लिहिले होते की यंत्राने इशारा दिला नाही म्हणून सोसायटीचे मत्स्यजिरे मेले. मी ती तिथेच दुरुस्त केली. शेवटचे वाक्य असे केले: संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे इशारा मिळू शकला नाही, असे समजते. यात एकही शब्द असा नव्हता की ज्यावर कोणी बोट ठेवावे. मी हे वाक्य गोंदियाला उतरेपर्यंत तीन वेळा वाचले आणि पुढे पाठवले.

छापील शब्दाला गावात किती वजन असते हे मला माहीत असायला हवे होते. माझे पोटच त्यावर भरते. तेरवीच्या आधीच कात्रण घरोघर फिरले. मनोहरच्या डब्यातच खोट होती, पेपरवाल्यांनी लिहिले आहे. एका मेल्या माणसाच्या खटपटीवर सोसायटीने सारा हंगाम टांगला. आणि आता त्याच घरात जागा द्यायची? जे दोन-चार जण आडवे येणार होते, त्यांच्या हातात मीच काठी दिली होती.

तेरवीला मी गेलो. पंगती उठल्यावर शेवंता परसात भांड्यांपाशी उभी होती. तिने कमरेला खोचलेले कात्रण काढले.

“भाऊ, बिघाड म्हनजे काय?”

मी म्हणालो, यंत्रातला दोष.

“तिसऱ्या दिवशी बोलला ना तो? साऱ्यायनं आयकलं. मंग नवव्या दिवशी काऊन नाई बोलला? मधात कोनं हात लावला त्याले?”

मी तिच्याकडे पाहिले. तिला माहीत होते. कदाचित नवव्या दिवशीच कळले असेल. पण दुःखात असलेल्या बाईला लोक पाणी विचारतात, कारण विचारत नाहीत.

“मी,” मी म्हणालो. “त्यानं केलेलं बरोबर होतं. मी चुकीचं बंद केलं. आणि तपासलं नाही.”

“मंग थे काऊन नाई लिवलं?”

माझ्यापाशी जी उत्तरे होती ती सगळी बातमीच्या भाषेतली होती.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “माह्या नवऱ्याचं बिघडलं नाई, एवढं लिहून द्या. आन् बंद करा असं मीच म्हटलं, थे पन लिवा. नाई तं अर्धंच होते.”

मी परसातच, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर कागद ठेवून लिहिले. पंचवीस वर्षे लिहीत आलो, पण ‘मी’ या शब्दाने सुरू होणारे वाक्य माझ्या हातून फार कमी वेळा गेले आहे. अर्धे पानच झाले. कोणता ड्रायव्हर, कोणती यादी, कोणी काय सांगितले, कोणी काय केले नाही. शेवंताने ते उभ्याउभ्या वाचले, एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, “‘शोकाकुल वातावरणामुळे’ हे काढा. वातावरनानं नाई केलं.” मी ते खोडले आणि सही केली.

सभा चार दिवसांनी झाली. मला बोलावले होते. रामाजींनी कागद मोठ्याने वाचला. लोक ऐकत होते, पण कागदाकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मागून एक जण म्हणाला, “साहेब मोठे लोक. चूक मानली, आनखीन काय पायजे?” दुसरा म्हणाला, “डबा चांगला होता हे खरं. पन चूप करा असं म्हटलं तिनंच ना? असं मन घेऊन धंदा होते का?” शेवंता शेवटच्या ओळीत बायांमध्ये बसली होती. तिने लिहायला लावलेले सत्याचे उरलेले अर्धे तिच्याच अंगावर आले होते, आणि ते येईल हे लिहून घेताना तिला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. कौतिका उठून म्हणाली, “जाळी वाळू घालाले मी गेलतो. मले काऊन कोनी काही म्हनत नाई?” रामाजींनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “साहेब खरं बोलले. शेवंताबाई बी खरं बोलली. पन खरं बोलून जिरे जित्तं होत नाई.” केंद्र शेजारच्या गावातल्या एका अनुभवी माणसाकडे द्यायचे ठरले. शेवंताला आळीपाळीने करायचे राखणीचे काम मिळाले, इतर बायांसारखे.

मी नागपूरला दोन ओळींचा खुलासा पाठवला. तो लागला नाही. जागा नव्हती, असे कळले. मी पुन्हा विचारले नाही.

संगणक शेडमधून काढला तेव्हा मी शेवंताला म्हणालो की त्याचा आवाज मी तुमच्या मोबाईलमध्ये घालून देतो. मूळ रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, खरखर नाही. ती म्हणाली, “नको, भाऊ. त्यात थो बायायले सांगून राहिला. मले नाई.” माणूस गेल्यावर त्याचे जे उरते, ते आपल्याला उद्देशून असतेच असे नाही, ही गोष्ट इतक्या कोरडेपणाने मला कोणी सांगितली नव्हती. आपण जपलेल्या आवाजांत आपले किती, आणि दुसऱ्याच कोणाला मारलेल्या हाका किती?

यंदाच्या आषाढात मी पुन्हा गेलो. बातमीचे काही काम नव्हते. नव्या माणसाने नवी सोय केली आहे. पाणी उतरले की चार मोबाईलवर एकदम घंटा वाजते. चांगली सोय आहे. मी पाहिली, आणि या खेपेला तपासूनही पाहिली. तिन्ही टाक्यांत जिरे होते, इतके बारीक की पाणी नुसते गढूळ वाटावे, आणि ते गढूळपण संथ फिरत होते. राखणीची पाळी शेवंताची होती. ती मधल्या टाकीच्या काठावर बसली होती, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. मला वाटले, काहीतरी शोधते आहे. पण हात हलत नव्हता. पाणी बोटांना वळसा घालून पुढे जात होते.

कौतिकाने सांगितले, ती अशीच बसते. पाळी तिची असली की पुरे सहा तास. “वेडी झाली म्हनते लोक. म्हनू दे. तिच्या पाळीत एक जिरं नाई मेलं.”

मी शेजारी बसलो. पावसाची भुरभुर पत्र्यावर वाजत होती, आणि दूर कोणाचा तरी मोबाईल. तिचे लक्ष दोन्हींकडे नव्हते. पाणी फिरते आहे, हे तिला कोणी कळवायची गरज उरली नव्हती. आयुष्यभर मी लोकांना घडलेले कळवत आलो आहे, आणि कळवणे म्हणजे त्यांच्या बाजूने जागे राहणे, अशी माझी समजूत होती. त्या हाताकडे पाहताना मला कळेना की ही समजूत कधीपासूनची आहे आणि कोणी करून दिली.

कौतिकाने चहा आणला. शेवंताने डाव्या हाताने माझा कप घेऊन मला दिला, डाव्याच हाताने आपला घेतला. उजव्या हाताची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. तिने तो बाहेर काढला नाही.